पांढरा भाग

४ एप्रिल

जमादारीणबाई,

आशीर्वाद लिहिणार होते, पण माझ्याकडचं काहीही घरात यायला नको असं तू म्हणालीस, म्हणून हात आखडला. फोन तू उचलत नाहीस. परवा शेजारणीच्या फोनवरून केला, तर माझं हॅलो पुरतं व्हायच्या आत बंद केलास. कागदाचं तसं नाही. फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

मला एवढंच विचारायचंय, एका अंड्यासाठी पोटची पोर आईला घराबाहेर काढते का?

आणि अख्खं अंडंही नाही. त्यातला पांढरा भाग. पिवळं मी खाल्लं. मला अक्कल आहे. मुंगळ्याला प्रथिन चालत नाही हे तू मला शंभरदा सांगितलंयस, ओट्यासमोरच्या भिंतीवर कागद चिकटवलायस. जन्मला तेव्हा त्याच्या टाचेतून रक्ताचा ठिपका घेतला आणि त्या दिवसापासून तुझ्या घरातून दूध गेलं, अंडी गेली, मासे गेले, शेंगा-डाळी गेल्या. साखरेला तेवढी बंदी नाही, आणि तो बरोबर साखरेच्या डब्यापाशी पोचतो, म्हणून तर मी त्याला मुंगळा म्हणते. अडीच वर्षांचं पोर. ताटात काय, तर तोलून बटाटा, तोलून भात, आणि वर त्या डब्यातल्या औषधी पावडरीचं दूध. त्याला ओल्या पोत्यासारखा वास येतो. मी एकदा नाक दाबून चाखलं होतं. तो बिचारा घटाघटा पितो, कारण त्याला दुसरं काही माहीतच नाही.

तर तो माझ्या हाताकडे बघत होता. मी तुकडा दिला. तू नेमकी त्या दिवशी कारखान्यातून दोन तास आधी आलीस. त्याच्या तोंडात बोट घालून सगळं काढलंस. तो रडला नाही, मीही नाही. मग तू म्हणालीस, "आई, चप्पल घाल." कारखान्यात कापड कापतेस तसंच बोलतेस, एका घावात दोन तुकडे.

मी तेव्हा म्हणाले होते, आजच दिलं, पहिल्यांदाच. तेच परत लिहिते. पहिल्यांदाच.

आई


२१ एप्रिल

जमादारीणबाई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा हेका कुठून आलाय ते मला माहीत आहे, रोज आरशात दिसतो.

कॉलेजात परीक्षा जवळ आल्यात. सकाळी सात ते अकरा हात पाण्यात. पूर्वी अकराला सुटले की तडक तुझ्याकडे यायचे, मुंगळ्याला सांभाळायला. आता अकरानंतर काय करायचं ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या वर्गाच्या प्रयोगाच्या नळ्याही धुऊन टाकते. तिथली बाई खूश आहे, तिचं काम आयतं होतं.

तू लोकांना सांगतेस, आई भांडी घासते. घासते, पण काचेची घासते, आणि चौदा वर्षं काच घासणाऱ्याला बरंच कळतं. पोरं काय काय उकळून ठेवून जातात. साखरेच्या नळीत तळाला विटकरी गाळ बसतो, हलवला की निघतो. बटाट्याच्या पाण्यात आयोडीन टाकून निळंशार करतात, ते कोमट पाण्यानं जातं. तेलाची नळी म्हणजे डोक्याला ताप. साबण, ब्रश, परत साबण, आणि वाळवली की धुरकट ती धुरकटच. अंड्याचं पिवळंही त्यातलंच, काचेला धरून बसतं. आणि पांढरा भाग? गार पाण्याखाली नळी धरली की सुळकन जातो. फक्त गरम पाणी लावायचं नाही, नाहीतर आतच शिजतो. नव्या बायका हमखास तिथे फसतात.

यावरून मी माझं गणित बसवलं होतं. जे चिकटतं ते जड, ते अंगालाही चिकटणार. जे धुऊन जातं ते हलकं, ते पोटातूनही निघून जाणार. म्हणून पिवळं मी खाल्लं आणि पांढरं त्याला दिलं. तुझ्या त्या भिंतीवरच्या कागदावर नुसतं "अंडं नाही" लिहिलंय. कुठला भाग नाही ते लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतंस.

आई


५ मे

कागदाबद्दल मी जे लिहिलं ते परत घेते. कागद बरोबर होता.

काल प्रयोगाची शेवटची परीक्षा झाली. पोरं गेली. प्रयोग शिकवणाऱ्या मॅडम गुण लिहीत बसल्या होत्या आणि मी स्टँडमधल्या नळ्या बादलीत ओतत होते. एक नळी जांभळी. असल्या जांभळ्या नळ्या मी हजारांनी धुतल्या असतील, कधी विचारलं नव्हतं.

"मॅडम, हा जांभळा रंग कशाचा?"

"प्रथिनाचा. हे निळं औषध टाकलं आणि जांभळं झालं, की प्रथिन आहे समजायचं. चौदा वर्षांनी विचारताय होय, मावशी?"

"चौदा वर्षांत तुम्हीही सांगितलं नाहीत."

त्या हसल्या. मी विचारलं, "नळीत होतं काय?"

"अंड्याचा पांढरा भाग."

"पण जड असतं ते पिवळ्यात ना?"

"पिवळ्यात प्रथिनाबरोबर चरबीही भरपूर. पांढऱ्यात पाणी आणि प्रथिन, बाकी नावाला. तुम्हाला कुणी सांगितलं उलटं?"

"नळीनं," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. माझ्या हातातली नळी मात्र गेली. चौदा वर्षांत फुटलेली ही सातवी.

काचा गोळा केल्यावर मी त्यांना म्हटलं, मला नीट सांगा, पोरांना सांगता तसं नको, मला सांगा. स्टुलावर बसले. त्यांनी फळा पुसला आणि बोलायला लागल्या. मला जे समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर तुझ्या डॉक्टरांना विचार.

अंगात मुख्य चार जातींचा माल असतो. एक साखर आणि पीठ, म्हणजे बटाटा, भात, पाव. पीठ म्हणजे साखरेचीच लांब साखळी. ते सरपण. जळतं आणि अंग चालतं. दुसरी चरबी, तेल, लोणी. ते साठवणीचं सरपण, आणि शिवाय अंगातल्या प्रत्येक बारीक पेशीभोवती जे पातळ कातडं असतं ते चरबीचं. म्हणून तर पाणी आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं. मी म्हटलं, नळीवर बसतं तसं. म्हणाल्या, अगदी तसं.

तिसरं प्रथिन. ते नुसतं सरपण नाही, ते कामगार. पचवणारे, वाहून नेणारे, रोगाशी भांडणारे, आणि अंग ज्यांचं बांधलंय त्या विटाही तेच. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस जातींचे. आपण अंडं खाल्लं की पोटात माळ तुटते, मणी सुटे होतात, आणि अंग त्यांतून आपल्या माळा ओवतं. उरलेले मणी फोडून टाकायला वेगळे कामगार असतात. मुंगळ्याच्या अंगात एका जातीचा मणी फोडणारा कामगार कामावर येतच नाही. त्या मण्याच्या नावाचा पहिला अर्धा भाग लादी पुसायच्या फिनाईलसारखा आहे, पुढचं माझ्या जिभेवर बसत नाही. तर ते मणी रक्तात साचत जातात आणि मेंदूला भिडतात.

म्हणजे मी त्याला तेच दिलं. जे द्यायचं नव्हतं तेच, आणि त्यात दुसरं काही मिसळलेलंही नाही असं.

एकदाच नव्हतं. दोन-तीनदा झालं असेल. लिहून टाकलं.

आई


२३ मे

चौथी जात राहिली होती. मॅडमना परत गाठलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आता परीक्षेलाच बसा." मी म्हटलं, "बसते, पण मग नळ्या तुम्ही धुवा."

चौथा माल म्हणजे लिहिलेला मजकूर. कुठला कामगार कसा घडवायचा, कुठला मणी कशानंतर ओवायचा, हे सगळं प्रत्येक पेशीत लिहून ठेवलेलं असतं. चारच अक्षरं, पण मजकूर मैलभर. प्रत्येक कामगाराच्या मजकुराच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तर दुसरीवर भागतं, माणसाला कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच मुंगळ्यासारखं होतं.

मग मी विचारलं, आईची प्रत बिघडलेली असेल तर ती तिला कुठून आली. तसं मला उत्तर माहीत होतं. मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "तिच्या आईकडून नाहीतर बापाकडून," मॅडम म्हणाल्या.

मी बारशाच्या वेळी तुझ्या सासूला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आमच्या घराण्यात असलं काही नाही, तुमच्याकडचं काढा. तुला वाटलं मी तुझी बाजू घेतली.

तुला मामा होता. होता एवढंच तुला माहीत आहे. माझ्या पाठचा. आम्ही सगळे काळेभोर केसांचे आणि त्याचे केस वाळलेल्या गवताच्या रंगाचे. चालायला उशिरा लागला, बोलायला लागलाच नाही. खाटेवर बसून पुढेमागे झुलायचा. त्याच्या कपड्यांना उंदराच्या बिळासारखा वास यायचा, आणि तो कितीही धुतला तरी जायचा नाही. धुवायचे मीच. एकोणीस वर्षं जगला. आई त्याला रोज दूध द्यायची, दोन वाट्या, अंगात ताकद यावी म्हणून.

मुंगळ्याचे केस काळे आहेत. त्याला तो वास येत नाही. तो मला "आजी, सरक" म्हणतो. हे तुझ्या तराजूमुळे. मी हे कधी तोंडानं कबूल केलं नाही. भावाला तेव्हा तराजू मिळाला नाही, हे मान्य केलं तर आईनं रोज काय दिलं ते मान्य करावं लागतं, म्हणून मी तुझ्या तराजूची टिंगल करायचे.

आई


९ जून

हे पत्र टपालात टाकत नाहीये. जावयांच्या दुकानात त्यांच्या हातात देणार आहे. तू वाचेपर्यंत त्यांनी समोर उभं राहायचं, असं त्यांना सांगणार आहे.

काल मी त्यांच्या दुकानात गेले होते. मिक्सर बिघडला म्हणून. मिक्सर बिघडलेला नव्हता. त्यांनी उघडून बघितला, माझ्याकडे बघितलं, परत बंद केला आणि चहा मागवला. भला माणूस आहे, मी कधी म्हटलं नाही.

मी विचारलं, "कसा आहे?"

"वजन उतरलंय, आई. तीन महिन्यांत वाढायच्या ऐवजी चारशे ग्रॅम गेलं. तोंडाभोवती चट्टे उठलेत. भूक भूक करतो."

"मग द्या ना खायला."

"काय देणार? डॉक्टरांनी बटाटा आणि भात निम्म्यावर आणलाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्तातलं प्रमाण दर आठवड्याला चढत होतं ना. डॉक्टरबाई म्हणतात, एका दिवसाच्या एका अंड्यानं पाच आठवडे चढत नाही. म्हणजे याला पूर्वीइतकंही सोसत नाही. कमी केल्यावर उतरलं, म्हणजे तेच खरं."

मी चहा खाली ठेवला.

"आणि ती?" मी म्हटलं, म्हणजे तू.

"ती सगळं दोनदा तोलते. एकदा या तराजूवर, एकदा त्या. कारखान्यात तिच्या हातून पहिल्यांदा कापड वाकडं गेलं."

तर ऐक. डॉक्टरांना वाटतं कमी केलं म्हणून उतरलं. ते मी गेले म्हणून उतरलं.

एकदा नाही. दोन-तीनदाही नाही. सोळा फेब्रुवारीला सोमवार होता, त्या दिवशी सुरुवात केली. बावीस मार्चला, रविवारी, तू मला काढलंस. त्या रविवारी कारखान्यात जादा काम होतं म्हणून मी आले होते, एरवीचे रविवार सोड. पहिला आठवडा, सहा दिवस, रोज अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग. पुढचे दोन आठवडे, बारा दिवस, रोज एकाचा. त्यानंतरचे दोन आठवडे, बारा दिवस, रोज दोनांचा. शेवटच्या रविवारी तू आलीस तेव्हा एक पोटात गेला होता आणि दुसऱ्याचा तुकडा तोंडात होता. कॉलेजच्या हजेरीवरून मी दिवस पडताळून पाहिलेत. तिथे एकही दिवस गैरहजर नव्हते, म्हणजे तुझ्याकडेही एकही दिवस चुकवला नव्हता.

दोनावर का गेले तेही लिहिते. रक्त चढलं म्हणून डॉक्टरांनी तुला बटाटा कमी करायला सांगितला. तू कमी केलास. पोर आणखी भुकेलं झालं. मला वाटलं, बघा, उपाशी मारतेय, आणि मी एकाचे दोन केले. रक्त आणखी चढलं. तू आणखी कमी केलंस. असं आपण दोघी त्याला दोन्हीकडून ओढत होतो, आणि दोरी फक्त मला दिसत होती.

तू नवा तराजू आणलास तेव्हा मी तिथेच होते. शेंगा न खाणाऱ्या घरात माझ्यासाठी शेंगा सोलत बसले होते. तू जुना तराजू उलटा करून बघत होतीस आणि म्हणत होतीस, "माझंच काहीतरी चुकतंय, आई." मी म्हटलं, "एवढं कशाला तोलायचं, पोर आहे की सोनं?" तू तेव्हा माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं.

शेवटचे काही दिवस तो चिडचिडा झाला होता, डोकं गादीवर आपटायचा, येत असलेले शब्द विसरायला लागला होता. ते मी तुला "दात येताहेत" म्हणून सांगितलं. भावाला बघितलेल्या बाईनं हे सांगितलं.

आणि का दिलं? भूक हे अर्धंच खरं. दुपारी दार वाजलं की तो धावत यायचा आणि माझ्या पिशवीत हात घालायचा. तू संध्याकाळी आलीस तर जागेवरून उठायचाही नाही. मला ते आवडत होतं. सगळं पत्र एका दमात लिहिलं, या तीन ओळींना अर्धा दिवस लागला.

हे डॉक्टरांना दाखव. दिवस, आकडे, सगळं. मॅडम म्हणाल्या, मुलाला तो मणी थोडा तरी लागतोच, अंग त्याचंच बांधायचं असतं. अगदी तोडला तर अंग स्वतःलाच खायला लागतं, आणि मग चट्टे उठतात, वजन जातं. म्हणजे त्याला पूर्वीचा बटाटा सोसत असणार. तो त्याचा आहे, तो त्याला परत द्यायला सांग.

मला घरात घे असं मी म्हणत नाही. मी तुझ्या जागी असते तर घेतलं नसतं.

आई


१३ जून

जमादारीणबाई,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते. तसाच उचलला. मागे दवाखान्यातला आवाज येत होता, कुणीतरी नंबर पुकारत होतं, आणि मुंगळा "मला, मला" करत होता. काय मागत होता ते कळलं नाही.

अडीच महिन्यांनी तू बोललीस. "अंडी मोठी होती की लहान?"

मी म्हटलं, "मध्यम."

तू "बरं" म्हणालीस आणि ठेवलास.

मध्यम नव्हती. तू विचारलंस आणि माझी जीभ आपोआप मधे जाऊन बसली. मोठं सांगावं तर माझा गुन्हा वाढतो, लहान सांगावं तर तू ओळखशील, म्हणून मध्यम. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की डॉक्टर यावरच त्याचं जेवण ठरवणार. रक्त चढलं ते तेवढंच, मग अंडं जेवढं मोठं, तेवढं त्यानं जास्त सोसलं, आणि तेवढा त्याच्या ताटातला बटाटा जास्त. मी माझी कातडी वाचवायला त्याचा घास परत उचलला होता.

लगेच तुला फोन केला, तू घेतला नाहीस. जावयांना केला, त्यांना सांगितलंय, पण ते संकोची आहेत, गुळमुळीत सांगतील. म्हणून लिहून, त्यांच्याच हाती पाठवते.

आज सकाळी त्याच दुकानातून तसलीच तीन अंडी आणली. उकडली, पांढरं वेगळं केलं, आणि मॅडमच्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोललं. त्या शेजारी उभ्या होत्या, आकडे त्यांनीही बघितले. छत्तीस ग्रॅम, चौतीस ग्रॅम, छत्तीस ग्रॅम. डॉक्टरांना पस्तीस धरायला सांग.

मोठी होती. दुकानदार माझ्यावर वैतागायचा, सगळा ट्रे उलटापालटा करून मी त्यातली सगळ्यात मोठी निवडायचे, मुंगळ्यासाठी म्हणून.

आई